पदरावरचा जोड

अरविंद देसले गेल्याची बातमी मला त्याच्या छायाचित्रासकट मिळाली, आणि बातमी मनात उतरण्याआधी त्या छायाचित्राची शिसारी आली. त्याचा पुतण्या मिलिंद याने ते आमच्या कारखान्यातल्या निवृत्त मंडळींच्या मोबाइल गटावर टाकले होते. गाल लोण्यासारखे गुळगुळीत, कपाळावरच्या आठ्या नाहीशा, दात पांढरेशुभ्र, पाठीमागे कुठले तरी परदेशी आकाश... आणि डाव्या नाकपुडीला लागून असलेला, मसुराच्या दाण्याएवढा तीळ साफ पुसलेला. मोबाइलमधल्या कुठल्याशा सोयीने एका टिचकीसरशी हे उरकले असणार. ज्या माणसाने निवृत्तीनंतरचे सगळे आयुष्य लोकांच्या गेलेल्या आईबापांचे तीळ, व्रण आणि सुरकुत्या जपण्यात घालवले, त्याला त्याच्याच घरच्यांनी जाताना असा साबणाने घासून पाठवला. मी चष्मा काढून ठेवला. जुना मित्र गेला याचे दुःख त्या दिवशी मला नीट करताच आले नाही. मध्ये तो तीळ येत राहिला.

अरविंद आणि मी अंबरनाथच्या एकाच कारखान्यात उमेदीची सारी वर्षे काढली. तो ड्रॉइंग ऑफिसात, मी तपासणी खात्यात. तो यंत्रांच्या भागांचे नकाशे काढायचा आणि त्यांबरहुकूम तयार झालेल्या मालातल्या चुका मी काढायचो. साहजिकच आमची मैत्री भांडणातून जन्मली आणि भांडणावरच पोसली गेली. तो गोड माणूस होता असे जे आता सांगितले जात आहे, ते धादांत खोटे आहे. तो तिरसट होता, हेकट होता, आणि आपल्याइतकी बारीक नजर पंचक्रोशीत दुसऱ्या कोणाला नाही असे त्याचे ठाम मत होते. ते मत बरोबर होते, हा भाग वेगळा. निवृत्त झाल्यावर त्याने अंबरनाथ पूर्वेच्या आपल्या घरातली गॅलरी बंद करून घेतली, तिथे एक संगणक आणि एक स्कॅनर मांडला, आणि फाटलेले, वाळवी लागलेले, बुरशीने खाल्लेले जुने फोटो दुरुस्त करण्याचे काम सुरू केले. तो संगणक त्याने शेवटपर्यंत बदलला नाही. आणि नेमक्या याच गोष्टीवरून त्याच्या मृत्यूनंतर जे काही बोलले गेले, ते ऐकून माझ्यासारख्या माणसाला गप्प बसणे अशक्य झाले आहे.

शोकसभा आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या सभागृहात झाली. व्यासपीठावर तोच घासलेला फोटो, चौकटीत बसवून, हार घालून. अध्यक्ष आधी बोलले. परिस्थितीशी झगडत, नवे यंत्र घेण्याची ऐपत नसतानाही देसले यांनी कलेची सेवा केली, असे त्यांनी सांगितले. ऐपत नसताना! अरविंदने कोणाची कणव कधी सहन केली नाही, आणि मेल्यावर ती त्याच्या गळ्यात हाराबरोबर घालण्यात आली. दुसऱ्या एका वक्त्याने त्याला नव्या तंत्राची भीती वाटत असे, असा शोध लावला. मग मिलिंद उठला. हा संगणकाच्याच कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, बदलापुरात शिरगावला वडिलांसोबत राहतो, मुलगा म्हणून वाईट नाही. पण त्याच्या हातात माईक आला आणि त्याला सभा गाजवण्याची हुक्की आली.

"काका क्लिक करायचे आणि आत जाऊन चहा टाकायचे," तो म्हणाला. "चहा पिऊन, कप विसळून परत यायचे, तरी स्क्रीनवरचं ते वाळूचं घड्याळ आपलं फिरतंच आहे! त्या डब्यापायी आमच्या आजीचा एकुलता एक फोटो काकांनी उडवला होता. शेवटी बाबांनी उल्हासनगरच्या लॅबमधून तो करून आणला, म्हणून आज आमच्या घरी आजी आहे..."

लोक हसले. शोकसभेत, मेलेल्या माणसाच्या फोटोपुढे, माणसे मनमुराद हसली. पहिल्या रांगेत मिलिंदचे वडील, म्हणजे अरविंदचे थोरले बंधू शरदराव, खाली मान घालून बसले होते. अरविंदची पत्नी शैलावहिनी पदराचे टोक बोटाला गुंडाळत होत्या. मी उभा राहिलो. "हे खोटं आहे," एवढे बोललो असेन नसेन, तोच शेजारच्याने सदरा ओढून मला खाली बसवले. "आप्पा, आज नको." मग कधी? ज्या दिवशी खोटे बोलले जाते त्या दिवशी नाही, तर मग कधी? त्या सभेत मला जे बोलू दिले गेले नाही, ते मी इथे लिहितो आहे. शिरगावात हे वृत्तपत्र जाते, याची मला कल्पना आहे.

आधी त्या 'डब्या'विषयी. तो संगणक का बदलला नाही, याचे कारण कोणी विचारलेच नाही, कारण ते अगदीच साधे होते. अरविंदचा स्कॅनर जुन्या घडणीचा होता. जाड काचेचा, वजनाने लोखंडी पेटीसारखा. त्याची जोडणी नव्या यंत्रांना होत नसे, आणि तसा बारकावा टिपणारा दुसरा स्कॅनर त्याला मिळाला नाही. तेवढ्यासाठी संगणक राहिला. आणि संगणक राहिला म्हणून अरविंदला त्याची रीत शिकून घ्यावी लागली. फोटो दुरुस्त करण्याचे जे सॉफ्टवेअर असते, ते चित्र उघडताना सबंध चित्र मेमरीत आणून ठेवते. त्यावर तुम्ही एक थर चढवलात की तो थरही तिथेच. इकडचा तुकडा उचलून तिकडे लावलात की उचललेल्या तुकड्याची नक्कलही तिथेच. आणि चुकले तर मागे जाता यावे म्हणून, प्रत्येक फटकाऱ्याआधी चित्र कसे होते, तेही ते सॉफ्टवेअर जपून ठेवते. जुन्या संगणकात मेमरी ती केवढी! ती भरली की उरलेले सगळे हार्ड डिस्कवर लिहिले जाते, पुन्हा लागले की तिथून वाचून आणले जाते, आणि हे काम अतिशय संथ असते.

मला हे त्याने आमच्या कारखान्याच्या भाषेत सांगितले होते. "आप्पा, मेमरी म्हणजे माझं ड्रॉइंगचं टेबल. टेबलावर मावेल तेवढंच पसरता येतं. बाकीचे कागद कुठे? आवाराच्या पार टोकाला, रेकॉर्ड रूममध्ये. शिपाई धावत जाणार, घेऊन येणार, नको असलेले परत नेणार. हा दिवा बघ." संगणकाच्या पेटीवर तळाशी एक बारीकसा तांबडा दिवा होता. "हा लुकलुकतोय ना, म्हणजे शिपाई धावतोय. पडदा पांढरा पडू दे, बाण गोठू दे, जोवर हा लुकलुकतोय तोवर यंत्र मेलेलं नाही. कामात आहे. शिपाई वाटेत असताना रेकॉर्ड रूमला कुलूप घातलं तर काय होईल?"

"कागद जातील."

"मग? हात मांडीवर ठेवून बसायचं."

एवढी ही विद्या. पण तिच्यातून त्याची सगळी कामाची पद्धत घडली होती. मागे जाण्याची सोय त्याने एकाच पायरीवर आणून ठेवली होती. एकदा चुकलात तर एकदाच पुसता येईल, त्यापुढे नाही. त्यामुळे तो एकेका फटकाऱ्याआधी इतका वेळ पाहत बसे की बघणाऱ्याला वाटावे, म्हाताऱ्याचा डोळा लागला. काळ्या-पांढऱ्या फोटोला तीन रंगांचे ओझे कशाला, म्हणून तो स्कॅन आधी करड्या छटांत उतरवून घेई. ओझे तिसऱ्या हिश्श्यावर येई. काम झालेला थर लगेच खालच्या थरात मिसळून टाकी. आणि फोटो फारच मोठा असला तर त्याचे उभे पट्टे कापी, शेजारच्या पट्ट्यात बोटभर भाग राखून, एकेक पट्टा वेगळा उघडून दुरुस्त करी आणि शेवटी सांधे. याला मिलिंदने 'वाळूचं घड्याळ' म्हणावे आणि सभेने हसावे! मिलिंदच्या कंपनीत मेमरी ढिगाने मिळते म्हणून माणसे क्षणभरही विचार न करता बोलतात की काय, असे मला त्या दिवशी वाटले.

गिऱ्हाइकांशी तो किती वाईट वागे, हेही लिहिलेच पाहिजे, नाही तर मीसुद्धा त्या सभेतल्या वक्त्यांच्या रांगेत जाऊन बसेन. एक गृहस्थ वडिलांचा फोटो घेऊन आले. वडील हातमागावरचे कामगार, उघडे, खांद्यावर पंचा.

"जरा गोरे करा, आणि कोट-टाय लावता आला तर बघा," ते म्हणाले.

"टाय वडील बांधायचे?"

"नाही हो, पण हॉलमध्ये लावायचाय ना. पाहुणे येतात."

"मग पाहुण्यांच्या बापाचा फोटो आणा. त्याला टाय असेल."

ते गृहस्थ तणतणत जिना उतरले. शैलावहिनी आतून म्हणाल्या, "अहो, एक तरी माणूस सरळ परत जाऊ द्या." अरविंद म्हणाला, "सरळ आला असता तर सरळ गेला असता." असा तो होता. मला तो असाच हवा आहे. साखरेत घोळलेला अरविंद ज्यांना हवा असेल त्यांनी तो खुशाल घ्यावा.

आता त्या फोटोविषयी. देसल्यांचे मूळ घर बारवी धरणाच्या पलीकडच्या एका पाड्यात. भातशेती, पाठीमागे जंगल. त्यांच्या आईचा एकच फोटो होता. कुठल्याशा फिरत्या छायाचित्रकाराने दारात उभे करून काढलेला. मधोमध आई. चित्रात डावीकडे चार-पाच वर्षांचे शरदराव, आईचा पदर मुठीत गच्च धरून. उजवीकडे, कडेवर, अरविंद, तोंडात मूठ घातलेला. आई पुढे लवकरच गेल्या. अरविंदला त्या आठवतही नव्हत्या. हा फोटो वर्षानुवर्षे चुलीच्या धुरात भिंतीवर होता, ओल लागून काचेला चिकटला होता आणि आईच्या अर्ध्या चेहऱ्यावर बुरशी चढली होती. वीसेक वर्षांपूर्वी शरदरावांनी तो काचेसकट फडक्यात गुंडाळून अरविंदकडे आणला. "तुझ्याने होईल का?" असे त्यांनी विचारले. थोरल्या भावाने धाकट्याला काही मागण्याची ती पहिलीच वेळ असावी.

अरविंदने तो काचेवरूनच स्कॅन केला, आणि स्कॅनची एक सीडी करून कपाटात ठेवली. हे नीट लक्षात ठेवावे. मग फोटो काचेपासून सोडवायला गेला तर कागदाचा भुगा झाला. म्हणजे जे काही होते ते आता संगणकात आणि त्या सीडीत. मग कित्येक आठवडे तो रोज दुपारी आईच्या चेहऱ्यावर काम करत बसे. मी जवळ असे. मला दुसरे काम नव्हते आणि घरी वर्तमानपत्र एकदाच वाचता येते. बुरशीखालून एक डोळा हळूहळू वर आला. ओठाची कड आली. आपल्या आईला माणूस असा, इंचाइंचाने, पहिल्यांदा पाहतो आहे, हे मी पाहिले आहे. 

काम संपत आले त्या दुपारी शरदराव पाहायला आले होते. सबंध चित्र एकत्र उघडलेले होते आणि डिस्क भरली होती, कारण टेबलावर न मावलेले सगळे तिथेच जाऊन पडत होते. जागा करायला म्हणून अरविंदने आदल्या दिवशीची प्रत त्याच सकाळी काढून टाकली होती. त्याची चूक काढायची असेल तर ही काढा. मी तपासणी खात्यातला माणूस आहे, मी ती त्याच्या तोंडावर काढली होती. त्याने चित्र सेव्ह करायला लावले, पडदा पांढरा झाला, दिवा लुकलुकू लागला, आणि नेमके पाणी सोडायचे झाले म्हणून तो खाली पंप लावायला गेला. सोसायटीचे पाणी तोच सोडत असे. त्यातही कोणावर त्याचा विश्वास नव्हता.

शरदराव थोडा वेळ बसले. मग चुळबुळ करू लागले. "हे बंद पडलं की काय?"

"नाही. चालू आहे. दिवा बघा."

"अहो आप्पा, पार गोठलंय. आमच्या ऑफिसात असं झालं की बटण दाबून ठेवायचो, आपोआप ठिकाणावर यायचं."

"हात लावू नका."

"आईचा फोटो आहे त्यात!" ते म्हणाले, आणि माझा हात त्यांच्या मनगटापर्यंत पोहोचण्याआधी त्यांनी बटण दाबले, आणि दाबून धरले.

दिवा विझला.

अरविंद वर आला तेव्हा पडदा काळा होता. त्याने आधी पडद्याकडे पाहिले, मग भावाकडे. शरदराव म्हणाले, "तुझा डबा बंद पडला बघ. आपोआप." मी तोंड उघडले. अरविंदने माझ्याकडे असे पाहिले की तोंड उघडेच राहिले. मग आत वळून म्हणाला, "शैला, चहा टाक. आप्पाला साखर कमी." संगणक पुन्हा चालू केला तेव्हा चित्राच्या जागी नुसती फाइल होती, जी कुठल्याही उपायाने उघडत नव्हती. शरदराव चहा न घेता गेले. जाताना जिन्यात म्हणाले, "भंगारात घाल तो डबा. आई घालवलीस तू."

मी अरविंदवर इतका ओरडलो की खालच्या मजल्यावरचे लोक वर आले. तो शांतपणे चहा पीत होता. सगळे गेल्यावर म्हणाला, "आप्पा, त्याच्या हातात पदर होता, त्याला आई आठवते. आपल्या हाताने ती गेली हे त्याला कळलं, तर तो मरेपर्यंत त्या बटणावरून बोट उचलणार नाही. माझं काय? माझ्याकडे सीडी आहे." आणि मला त्याने वचनात बांधले. त्याच्या हयातीत मी ते पाळले. ते हयातीपुरतेच होते, असा अर्थ मी स्वतःच्या अधिकारात लावला आहे.

दुसऱ्याच दिवशी तो शिरगावला गेला, सीडी असल्याचे सांगितले, पुन्हा करतो म्हणाला. शरदरावांनी सीडी काढून घेतली. "तुझ्या डब्यावर नको. उल्हासनगरला मोठी लॅब आहे, तिथे देतो." त्याने दिली. इथपर्यंतची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे आणि इथूनच ती खोटी होते. कारण उल्हासनगरच्या त्या लॅबचे मालक हासूभाई, चेहऱ्याचे अवघड काम आले की ते अरविंदकडेच पाठवत असत. त्या आठवड्यात आम्ही दोघे त्यांच्याकडे छपाईचे काम घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी गल्ल्याखालून तीच सीडी काढून पुढे ठेवली. सीडीवर अरविंदचेच अक्षर.

"साईं, ये अपनी माँ का फोटो तुम्हारा भाई मेरे पास छोड़ के गया," हासूभाई म्हणाले. "मैं बोला, भाई घर में बैठा है तुम्हारा, उसके पास जाओ. बोलता है, नहीं, बड़ा कॉम्प्युटर चाहिए. अब बोलो, क्या करूँ?"

"तुमच्याकडे करा ना. मोठा कॉम्प्युटर आहे."

"मेरे यहाँ करेंगे तो माँ का मुँह साबण की वडी हो जाएगा. तुम करो. उसको मैं कुछ नहीं बोलूँगा, कसम से."

अरविंदने सीडी खिशात घातली. रिक्षात बसल्यावर तो हसला. भावाने घरातून काढून नेलेले काम फिरून त्याच्याच घरी आले होते. आणि त्याच डब्यावर, त्याच दिव्याशेजारी, त्याने आईचा चेहरा पहिल्यापासून पुन्हा वर आणला. या वेळी सबंध चित्र एकत्र उघडले नाही. तीन उभे पट्टे केले. डावीकडच्यात दादा, उजवीकडच्यात स्वतः, मधल्यात आई. मधला पट्टा सर्वांत शेवटी घेतला. पट्टे वेगवेगळ्या दिवशी झाल्यामुळे सांधताना छटा जुळवणे फार जिकिरीचे होते. उजवीकडचा सांधा दाराच्या चौकटीवर नेऊन त्याने लपवला. डावीकडचा मात्र लपवायला जागाच नव्हती. तो पदरावरून गेला. शरदरावांच्या इवल्या मुठीपासून थोड्याच अंतरावर पदराची छटा केसाएवढी बदलते. मी तपासणी खात्यातला. मला ते पहिल्या नजरेत दिसले. "सांधा दिसतोय," मी म्हणालो. "तुला दिसतोय," तो म्हणाला, "दादाला दिसायचा नाही." छापून, लॅबच्या पाकिटात घालून हासूभाईंनी तो शिरगावला दिला. शरदरावांनी चौकट करून हॉलमध्ये लावला. आल्यागेल्याला दाखवत, "मोठ्या कॉम्प्युटरवर करून घेतलाय." अरविंद दर दिवाळीला तिथे जाई, त्या फोटोखाली बसून फराळ करी, आणि हे वाक्य ऐके. मी एकदा बरोबर होतो. मी अर्धी चकली ताटलीत परत ठेवली. त्याने मात्र दुसरी मागून घेतली.

पहिल्या मासिक श्राद्धाला शैलावहिनींनी मला शिरगावला बरोबर नेले. आता त्या तिकडेच राहायला जाणार होत्या; घर आवरणे चालू होते. जेवणे झाली. मिलिंद म्हणाला, "आप्पाकाका, तो कॉम्प्युटर भंगारवाल्याला सांगितलाय, उद्या नेईल. तुम्हाला त्यातलं काही हवं होतं का?"

मला आयुष्यात इतक्या सभ्यपणे इतका मोठा अपमान कोणी केला नव्हता. मी उठलो, खुर्ची ओढली, भिंतीवरचा फोटो उतरवला आणि खिडकीपाशी नेऊन तिरका धरला. "तू संगणकातला ना? ये. ही तुझ्या बाबांची मूठ. इथून पदरावर बोट ने. हळू. आता सांग, तुझ्या मोठ्या कॉम्प्युटरवर फोटो केला तर असा सांधा येतो का?"

त्याने बोट नेले. थांबला. परत नेले. तो हुशार मुलगा आहे, हे मी आधीच लिहिले असते तर बरे झाले असते. "पट्ट्यांत केलंय," तो अगदी हळू म्हणाला. "मेमरी पुरत नसली तरच असं... लॅबला काय गरज?" मग वळला. "बाबा, हा काकांनी केलाय?"

शरदरावांना तो प्रश्न नवा होता. लॅबची गोष्ट त्यांना खरोखर ठाऊक नव्हती, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसले, आणि ते लिहिणे मला भाग आहे. मी सगळे सांगितले. पाणी सोडण्यापासून रिक्षापर्यंत. बटणाचेही. सांगताना त्यांच्याकडे मुद्दाम पाहत राहिलो. मला दया आली नाही. शैलावहिनी मात्र उठून त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या. शरदराव म्हणाले, "दिवा चालू होता. मला दिसला होता." आणि मग, "तो एकदाही बोलला नाही."

"तुम्ही एकदाही विचारलं नाहीत," मी म्हणालो.

 शेवटी वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, यांचा तो सभेतला फोटो मला नको आहे. ते नाहीतच ते. त्यांनी स्वतःचा एक स्कॅन करून ठेवलेला आहे, त्याच कॉम्प्युटरमध्ये. तो काढता येईल का? तीळ असलेला."

भंगारवाल्याला मी परत पाठवले. संगणक आता माझ्या घरी, जेवणाच्या टेबलावर आहे. आमची सौभाग्यवती त्याबद्दल जे म्हणते ते छापण्यासारखे नाही. रविवारी दुपारी मिलिंद आला, आणि मी बोलावले नव्हते तरी शरदराव आले, काठी टेकत, जिना चढून. वहिनी आल्या. मिलिंदने फाइल शोधली. अरविंदने स्वतःच्या चेहऱ्याचा स्कॅनही काही कमी बारकाव्याने केलेला नव्हता; केवढी तरी मोठी फाइल. उघडायला लावली तसा पडदा पांढरा झाला. बाण गोठला. तळाशी तो तांबडा दिवा लुकलुकू लागला. मिलिंदचा हात सवयीने पुढे सरकला आणि आपला आपणच मागे आला.

आम्ही बसून राहिलो. चहा झाला, कप विसळून झाले. शरदरावांना मी क्षमा केलेली नाही. तो माझा अधिकार नाही आणि माझी तशी इच्छाही नाही. पण त्यांनी काठी भिंतीला लावून दोन्ही हात मांडीवर ठेवले होते आणि दिव्यावरून नजर काढली नव्हती, हे मी पाहिले. मग पडद्याच्या वरच्या कडेला केस आले. थांबले. कपाळ आले, आठ्यांसकट... पुन्हा थांबले.

"झालं का?" शरदरावांनी विचारले.

"नाही," मी म्हणालो. "दिवा बघा."